दीड लाखाच्या जरा खाली

रक्ततपासणीचा कागद हातात आला की आपली नजर आधी जाते ती ठळक छापलेल्या आकड्यांकडे. हिमोग्लोबिन ठीक, पांढऱ्या पेशी ठीक, साखरही ठीक. आणि मग एका ओळीपुढे ‘कमी’ असा शेरा. प्लेटलेट १,२२,०००. शेजारी मर्यादा छापलेली असते : १,५०,००० ते ४,५०,०००. तपासणी कशासाठी केलेली असते? हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी, विम्यासाठी, किंवा चाळिशी उलटली म्हणून सहज. माणसाला काही त्रास नसतो. पण प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे डेंग्यूच्या साथींनी घरोघरी पोचवला आहे, आणि तोही भीतीसकट. त्या एका ओळीने घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

आकडा खोटा असण्यापासून यकृताच्या जुन्या आजारापर्यंत या ओळीचे अनेक अर्थ होऊ शकतात. ते कसे निवडायचे, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्लेटलेटना पाठ्यपुस्तकात रक्तपट्टिका म्हणतात. त्या पूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेत अवाढव्य आकाराच्या काही पेशी असतात, त्यांच्या कडांचे तुकडे सुटून रक्तात येतात, तेच प्लेटलेट. व्यास दोन-तीन मायक्रोमीटर, केंद्रक नाही, आयुष्य आठ-दहा दिवस. इटलीतील जुलिओ बित्झोझेरो याने १८८२ साली जिवंत प्राण्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत त्या पाहिल्या आणि वाहिनीला इजा झाली की तेथे चिकटून त्या भोक बुजवतात हे दाखवले. मोठ्या पेशींशी त्यांचे नाते बॉस्टनच्या जेम्स होमर राइट याने १९०६ साली जुळवले.

त्यांची उलाढाल केवढी असते हे विद्यार्थ्यांकडून काढून घेता येईल. अंगात रक्त पाच लिटर, म्हणजे पन्नास लाख घन मिलिमीटर. प्रत्येक घन मिलिमीटरमध्ये अडीच लाख प्लेटलेट धरल्या तर एकूण झाल्या सव्वा हजार अब्ज. दहा दिवसांत सगळ्या बदलायच्या, म्हणजे रोज सुमारे सव्वाशे अब्ज नव्या हव्यात. अस्थिमज्जा हे काम आयुष्यभर करते.

दीड लाखाची रेघ कोणी ओढली?

निसर्गाने ओढलेली नाही. पुष्कळ निरोगी माणसांचे रक्त तपासायचे, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांच्या पट्ट्याला सर्वसामान्य म्हणायचे, अशी ही रीत आहे. याचा अर्थ, ठणठणीत माणसांपैकीही चाळिसात एक जण खालच्या रेघेखाली येणारच, कारण रेघ तशीच आखली आहे. चाळीस शिक्षकांच्या शाळेत एकाच्या कागदावर ‘कमी’ लिहून येईल आणि त्याला काहीही झालेले नसेल.

गणिताच्या शिक्षकांना आणखी एक उदाहरण. एका कागदावर वीस वेगवेगळ्या चाचण्या आहेत आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे समजा. निरोगी माणसाच्या सगळ्या वीसही चाचण्या मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. उरलेल्या ६४ टक्के निरोगी माणसांना किमान एक तरी शेरा मिळेल! ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिरातींत हे गणित सांगितलेले नसते.

शिवाय ही रेघ सर्वांना सारखी लागू नाही. स्त्रियांत प्लेटलेट पुरुषांपेक्षा किंचित जास्त असतात, उतारवयात त्या कमी होतात. आपल्या देशातलेच एक उदाहरण आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केले की पश्चिम बंगालमधून आलेल्या अनेक निरोगी रक्तदात्यांत प्लेटलेट कमी, पण आकाराने मोठ्या असतात. त्यांना रक्तस्रावाचा त्रास नसतो, तीच त्यांची जन्मजात घडण असते. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या डॉक्टरकडून अशा माणसावर भलतेच उपचार होऊ शकतात. म्हणून ‘घरात आणखी कोणाच्या प्लेटलेट कमी निघाल्या होत्या का?’ हा प्रश्न वाटतो तितका औपचारिक नाही.

आकडा खरा आहे का?

कारण शोधण्याआधी हे पाहायला हवे. आणि नेमकी हीच पायरी पुष्कळदा गाळली जाते.

रक्त घेतल्यावर ते साकळू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते. साधारण हजारात एका माणसाच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की ती फक्त या रसायनाच्या सान्निध्यात, रक्त थंड होऊ लागले की, प्लेटलेट एकमेकींना चिकटवतात. अंगात सगळे ठाकठीक, गुठळ्या होतात त्या नळीत. मोजणारे यंत्र कणाच्या आकारावरून ओळख ठरवते; गुठळी मोठी, म्हणून ती प्लेटलेट नव्हे असे ते समजते. आकडा लाखाच्या, कधी पन्नास हजारांच्याही खाली जातो. बंगाली रक्तदात्यांच्या थोराड प्लेटलेटही यंत्राच्या तावडीतून अशाच निसटतात, ते त्यांना तांबड्या पेशींत जमा करते. या खोट्या आकड्यावर विश्वासून रुग्णाला स्टेरॉइड दिल्याच्या, इतकेच नव्हे तर त्याची पांथरी काढून टाकल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

उपाय साधा आहे. रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून, माणसाने डोळ्यांनी पाहायचा. गुठळ्या लगेच दिसतात. मग निळ्या झाकणाच्या, सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेऊन ते ताबडतोब मोजायचे. या नळीत नऊ भाग रक्तात एक भाग द्रावण मिसळते, म्हणून आलेला आकडा १.१ ने गुणायचा. ही काचपट्टी पाहण्याची तपासणी स्वस्त आहे आणि माझ्या मते या सबंध प्रकरणात तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. ती प्लेटलेटखेरीज आणखीही बरेच सांगते. त्याकडे पुढे येऊच.

शाळेत सूक्ष्मदर्शक आणि लीशमन रंगाने रंगवलेली रक्ताची तयार काचपट्टी असेल तर ही मोजणी वर्गात करून पाहता येते. (तयार काचपट्टीच वापरावी, मुलांची बोटे टोचण्याचा प्रयोग आता कोणीही करू नये.) एक हजार तांबड्या पेशी मोजायच्या आणि तेवढ्या क्षेत्रात प्लेटलेट किती दिसल्या ते टिपायचे. समजा २५ दिसल्या. तांबड्या पेशी घन मिलिमीटरला ५० लाख धरल्या तर प्लेटलेट झाल्या १,२५,०००. पण येथेच थांबू नका. दहा विद्यार्थ्यांना त्याच काचपट्टीवर वेगवेगळ्या जागी मोजू द्या. कोणाला २१ मिळतील, कोणाला ३०. विखुरलेल्या वस्तू मोजताना जेवढी संख्या मिळते तिच्या वर्गमुळाइतकी चूक सहज संभवते. २५ चे वर्गमूळ ५, म्हणजे उत्तर एक लाख ते दीड लाख यांमध्ये कोठेही असू शकते. यंत्र हजारो कण मोजते, म्हणून त्याची ही चूक फार लहान असते. तरीही रक्त घेण्याची पद्धत, नळीतला वेळ, यंत्राचा प्रकार आणि त्या माणसाच्या अंगात दिवसागणिक होणारा बदल हे सारे शिल्लक राहतेच. एका महिन्यात १,४८,००० आणि पुढच्यात १,५२,००० आले तर ‘वाढल्या’ म्हणून आनंद मानण्यात काही अर्थ नाही. उलट आले तर घाबरण्यातही नाही.

किती असल्या म्हणजे पुरे?

१९१० साली विल्यम ड्यूक या अमेरिकन डॉक्टराने दाखवून दिले की प्लेटलेट अतिशय कमी असलेल्या रुग्णाचा रक्तस्राव दुसऱ्याचे रक्त दिल्यावर थांबतो, आणि त्या प्लेटलेट संपल्या की पुन्हा सुरू होतो. प्लेटलेट कमी म्हणजे रक्तस्राव, हे समीकरण तेव्हापासूनचे. ते खरे आहे. प्रश्न ‘कमी म्हणजे किती’ हा आहे. १९६२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी रक्ताचा कर्करोग झालेल्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मोठा रक्तस्राव वीस हजारांच्या वर क्वचितच आढळला.

धरणातले पाणी पावसाळा संपताना शंभर टक्के असते, फेब्रुवारीत साठ टक्के होते, तरी गावातल्या नळाला येणारी धार तेवढीच राहते. पाणी नळजोडाच्या पातळीखाली जाऊ लागले की मग बोंब. प्लेटलेटचे तसेच आहे. बहुतेक शस्त्रक्रिया पन्नास हजारांवर निर्धोकपणे करता येतात. मेंदूच्या किंवा डोळ्याच्या मागच्या भागाच्या शस्त्रक्रियेला एक लाख असाव्यात असे डॉक्टर मानतात. आपल्या उदाहरणातल्या १,२२,००० प्लेटलेट हर्नियालाच काय, दात काढायलाही आड येत नाहीत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला किंवा झटका येऊन गेलेला माणूस अॅस्पिरिन घेत असतो. असा शेरा वाचून ती गोळी मनानेच बंद करणारे लोक आहेत. लाखाच्या वर असलेल्या प्लेटलेटसाठी ती बंद करण्याचे कारण नसते, आणि बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका कितीतरी मोठा. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञालाच घेऊ द्यावा.

मग दुर्लक्ष करावे का?

नाही. आकड्यापासून धोका नाही, पण आकडा कशाची तरी खूण असू शकतो. येथे सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा अवयव म्हणजे यकृत.

प्लेटलेटचा आणि यकृताचा संबंध काय, असे विद्यार्थी विचारतील. संबंध दुहेरी आहे. पहिला पांथरीमार्गे. निरोगी माणसाच्या प्लेटलेटपैकी एक तृतीयांश कोणत्याही वेळी पांथरीत मुक्कामाला असतात. यकृत हळूहळू कडक होत गेले की आतड्याकडून आणि पांथरीकडून त्याच्याकडे येणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, पांथरी तुंबून मोठी होते आणि तिच्यात अडकणाऱ्या प्लेटलेटचे प्रमाण वाढत जाते. फार वाढलेल्या पांथरीत ते ९० टक्क्यांपर्यंतही पोचते. अंगात प्लेटलेट असतात, पण बाजारात येत नाहीत, गोदामात पडून राहतात. दुसरा संबंध निर्मितीचा. अस्थिमज्जेला ‘प्लेटलेट बनवा’ असा निरोप देणारे थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक १९९४ साली हाती लागले. ते मुख्यतः यकृतात तयार होते. यकृत दुबळे झाले की निरोपही क्षीण होतो.

यकृताचा हा आजार वर्षानुवर्षे मुका असतो. काविळीचा पिवळेपणा किंवा पोटात पाणी होण्याच्या कितीतरी आधी कागदावर दिसते ती फक्त जराशी घटलेली प्लेटलेटसंख्या. मद्यपान, बी आणि सी प्रकारची काविळ ही जुनी कारणे आहेतच. आता मधुमेह आणि सुटलेले पोट यांच्याबरोबर येणारे चरबीयुक्त यकृत हे दारूला कधी न शिवलेल्या माणसांतही मोठे कारण झाले आहे. म्हणून २००६ साली मांडलेले एक सूत्र डॉक्टर वापरतात. वयाला एसजीओटीच्या आकड्याने गुणायचे. त्याला, हजारांत मांडलेली प्लेटलेटसंख्या गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १२२ हजार असे समजू. वर २४९६, खाली १२२ गुणिले ६ म्हणजे ७३२. उत्तर ३.४. हे उत्तर १.३ च्या खाली असेल तर यकृत फार कडक झाले असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृताचा कडकपणा मोजणारी पुढची तपासणी करावी. त्याच माणसाच्या प्लेटलेट २२० हजार असत्या तर उत्तर १.९ आले असते. या माणसाचे एसजीओटी वरच्या मर्यादेच्या थोडेच पुढे आहे, एवढ्यावर कोणी थांबले नसते. प्लेटलेटच्या ओळीने त्याला थांबवले.

बाकीची कारणे थोडक्यात. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ती सर्रास आढळते, आणि काचपट्टीवर तांबड्या पेशी मोठ्या व पांढऱ्या पेशींची केंद्रके जादा खंडांची दिसतात. एचआयव्ही आणि काविळ सी यांची छुपी लागण. औषधे : क्विनीन, सल्फा, फेफऱ्यासाठीचे व्हॅल्प्रोएट, क्षयाचे रिफॅम्पिसिन. रुग्णालयात हेपॅरिनची इंजेक्शने सुरू झाल्यावर पाच-दहा दिवसांत प्लेटलेट घसरल्या तर गोष्ट निराळी आणि गंभीर, कारण तेथे उलट रक्ताच्या गुठळ्या होतात. दारू स्वतःही अस्थिमज्जेला दडपते. सोडल्यावर काही दिवसांतच आकडा चढू लागतो. नुकताच येऊन गेलेला ताप. आणि शेवटी, शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच प्लेटलेटवर उलटते तो विकार, ज्याला डॉक्टर आयटीपी म्हणतात.

यांपैकी काहीच सापडले नाही तर? इटलीतील डॉक्टरांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अन्यथा निरोगी, पण प्लेटलेट एक ते दीड लाखाच्या दरम्यान सापडलेल्या २१७ जणांपासून त्यांनी सुरुवात केली. दीर्घकाळ पाहिलेल्यांवर मध्यमानाने पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले. ६४ टक्क्यांत एक तर आकडा आपोआप सुधारला किंवा तसाच राहिला, आजार कोणताच निघाला नाही. दहा वर्षांत आयटीपी होण्याची शक्यता सुमारे ७ टक्के, इतर स्वयंप्रतिकार विकारांची १२ टक्के निघाली. २००९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आयटीपी म्हणण्याची मर्यादा दीड लाखावरून एक लाखावर आणली, त्यामागे असलेच पुरावे होते. बहुतेकांचे काही होत नाही, थोड्यांचे होते. पण ते थोडे कोण हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून लक्ष ठेवायचे.

डॉक्टर काय करतील, काय करणार नाहीत

चांगला डॉक्टर प्रथम जुने कागद मागेल. दहा वर्षांपूर्वीही १,३०,००० असल्या तर तुमची पट्टी तीच आहे. गेल्या वर्षी २,८०,००० होत्या आणि आता १,२२,००० असतील तर तोच आकडा वेगळे बोलतो. त्यामुळे रक्ताचे रिपोर्ट रद्दीत घालू नयेत. मग प्रश्न : घोळणा फुटतो का, हिरड्यांतून रक्त येते का, पाळीत फार जाते का, कोणती औषधे, काढे, मात्रा घेता, वजन घटले का. नंतर तपासणी : पांथरी हाताला लागते का, मानेत-काखेत गाठी आहेत का, नडग्यांवर दाबल्याने न जाणारे लाल ठिपके आहेत का.

काचपट्टी, यकृताच्या चाचण्या, काविळ बी-सी आणि एचआयव्ही, गरज वाटल्यास ब-१२ आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्यावर काम भागते. एक ते चार आठवड्यांत पुन्हा मोजणी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. आकडा स्थिर असेल तर तीन-सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. प्लेटलेटच तेवढ्या किंचित कमी आणि बाकी सारे ठीक असेल तर अस्थिमज्जेची सुई लागत नाही. स्टेरॉइड तर नाहीच. आयटीपी ठरला तरी रक्तस्राव नसेल आणि आकडा तीस हजारांच्या वर असेल तर मोठ्या माणसाला सहसा औषध न देता पाहत राहतात.

गरोदरपणात शंभरातल्या पाच ते दहा स्त्रियांच्या प्लेटलेट शेवटच्या महिन्यांत थोड्या उतरतात आणि बाळंतपणानंतर आपोआप वर येतात. आईला, बाळाला अपाय नसतो. मात्र रक्तदाब वाढलेला असेल, डोके दुखत असेल, पोटाच्या वरच्या भागात कळ असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

तीच घाई आणखी काही वेळा हवी. प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिन किंवा पांढऱ्या पेशीही बिघडलेल्या असल्या. काचपट्टीवर तुटक्या तांबड्या पेशी किंवा अपक्व पांढऱ्या पेशी दिसल्या. ताप आणि बोलण्यात गोंधळ असला. दोन मोजण्यांत आकडा झपाट्याने उतरत असला. अशा वेळी १,१०,००० हा आकडाही ‘किंचित कमी’ राहत नाही.

आणि डेंग्यू

सगळी भीती जेथून आली तेथे हिशेब वेगळा आहे. डेंग्यूत प्लेटलेट तीन-चार दिवसांत उतरतात आणि तितक्याच आपोआप चढतात. जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे, आणि तोही ताप उतरतो त्या सुमारास; घरचे निर्धास्त होतात तेव्हा. सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी डेंग्यूच्या प्रौढ रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याखाली, पण मोठा रक्तस्राव नाही, अशा रुग्णांना केवळ आकड्यासाठी प्लेटलेटच्या पिशव्या देऊन रक्तस्राव टळला नाही; उलट पिशव्यांचे दुष्परिणाम मात्र वाढले. पपईच्या पानांच्या रसाने आकडा थोडा लवकर चढल्याचे काही चाचण्यांत दिसले, पण त्याने रक्तस्राव किंवा मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालेले नाही. किवी आणि शेळीच्या दुधाला साथीत भाव येतो तो ऐकीव गोष्टींवर. तापासाठी पॅरासिटॅमॉल चालते. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावे. पोटात तीव्र दुखणे, थांबत नसलेली उलटी, लघवी कमी होणे, सुस्ती किंवा अस्वस्थता, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर प्लेटलेट ऐंशी हजार आहेत की वीस हजार हे न विचारता रुग्णाला दाखल करावे.